तोंडावरची चिठ्ठी

माझ्याकडे सहाशेच्या वर जुन्या रहस्यकथा आहेत आणि त्यातल्या साठसुद्धा मी धड वाचलेल्या नाहीत. खून कुणी केला याच्याशी मला देणंघेणं नाही. मला कव्हर लागतं. कव्हरवरची बाई कुणी काढली, तिचा रंग कसा बसलाय, छापताना ती कुठे बिघडली, एवढंच मी बघते. नगरमधले रद्दीवाले मला ओळखतात. सुरुवातीला त्यांना वाटायचं, बाई चांगल्या घरातली दिसते, असली पुस्तकं नेऊन जाळत असेल.

नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. पार्ट भिंगाखाली धरायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा. तिथल्या बायका म्हणायच्या, भारतीनं पार्टांपेक्षा स्थळंच जास्त रिजेक्ट केली. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. लग्न राहिलं, नोकरी संपली, आता भिंगारच्या घरात मी आणि दादा. आणि दोन कपाटं भरून आडव्या पडलेल्या, पिस्तूल रोखलेल्या, दाराआडून बघणाऱ्या बायका, प्रत्येकजण आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत.

दादा म्हणजे माझे वडील, भीमराज. वय ब्याऐंशी. एके काळी त्यांनीच असली कव्हरं रंगवली, चांगली चाळीसेक. पुण्याचा एक प्रकाशक पोस्टकार्डावर एक ओळ लिहून पाठवायचा, 'बंगला, रात्र, बाई आडवी, रंग भडक.' गोष्ट काय आहे ते त्यानं कधी कळवलं नाही आणि दादांनी कधी विचारलं नाही. रंगवलेलं चित्र ते एसटीच्या पार्सलने पाठवत. चित्र परत येत नसे, छापलेलं पुस्तकही येत नसे. स्वतःचं काम बघायचं तर बाजारात राधाकृष्ण काकांच्या लायब्ररीत जायचं. कव्हरवर नावही नसायचं. पण दादांना बाईचा डावा हात काढता येत नसे. तो कायम पदराखाली, नाहीतर पाठीमागे. तेवढ्यावरून मी त्यांची कव्हरं ओळखते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला.

"भारते, तुझ्या आईचं तोंड आठवंना."

मी म्हटलं, "समोर फोटो आहे की."

तो फोटो नव्हता. आई गेल्यावर दादांनी आठवणीने रंगवलेलं चित्र होतं ते. दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ती कोन्ती तरी नटी हाय," ते म्हणाले. "माझ्या हातून नटीच झाली. तुझी आई, कला, अशी नव्हती."

आईचा खरा फोटो नाहीच. लग्न गावातल्या समाजमंदिरापुढे अर्ध्या तासात लागलं, वंदना झाली, लाडू वाटले, फोटोवाला बोलवायची ऐपत कुणाचीच नव्हती. रेशनकार्डावर तेव्हा फोटो लागत नसे. मतदानाच्या कार्डावर लागायला लागला तोवर आई राहिली नव्हती. दादांचं विसरणं सुरू झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की जवळच्या गोष्टी आधी जातील, जुन्या शेवटी. दादांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, डॉक्टरांचंही ऐकलं नाही. त्यांचं जुनंच आधी निघालं.

"तिचं एकच चित्तर खरं हाय," दादा म्हणाले. "त्या किल्लीवाल्या पुस्तकावर. घावलं तर बघ. मला एकदा बघायचंय."

"बघते," मी म्हटलं. ते पुस्तक मी वीस वर्षं शोधत होते, हे त्यांना सांगितलं नाही. माझं हे सगळं वेड त्या एका पुस्तकापायी सुरू झालं. बाकीची सहाशे त्याच्या वाटेवर सापडली.

पुस्तकाचं नाव 'अकरा नंबरची किल्ली'. साल एकोणीसशे ब्याऐंशी. पोस्टकार्ड आलं होतं, 'जिना, बाई मेलेली, डोळे उघडे, मुठीत किल्ली.' दादा चेहरे सिनेमाच्या मासिकांतून उचलत, पण त्या महिन्यात घरातल्या सगळ्या नट्या उभ्या होत्या नाहीतर झोपाळ्यावर बसलेल्या. पार्सल दुसऱ्या दिवशी जायचं होतं. मग दादांनी आईलाच दारातल्या पायऱ्यांवर आडवं केलं. आई म्हणाली, "भाकरी करायच्यात मला." दादा म्हणाले, "मेलेली बाई बोलत न्हाई." शेजारच्या बाया बघायला जमल्या. मी बारा वर्षांची होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे महिनाभर गल्लीतल्या पोरी मला तेच ऐकवत होत्या. भारतीची आई जिन्यात पडली, पदर सोडून मेली. आता पुस्तक आल्यावर सगळा बाजार तिला बघणार होता.

राधाकृष्ण काकांच्या लायब्ररीची एक पद्धत होती. दुसरीकडे नंबराची चिठ्ठी पुस्तकाच्या कोपऱ्यात लावत. काका ती बरोब्बर कव्हरवरच्या बाईच्या छातीवर लावायला सांगत. त्यांच्या वाचकांत निम्म्या बायका होत्या, आणि उघड्या गळ्याची बाई घरी नेली तर सासू काय म्हणेल ही पंचाईत. "चिठ्ठी म्हणजे पदर समज," ते म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे होतं. खळ आई घरून शिजवून द्यायची. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. डालड्याच्या डब्यातून ती मी घेऊन जायची.

'अकरा नंबरची किल्ली'च्या तीन प्रती आल्या तेव्हा काका जेवायला गेले होते. मी चित्राकडे नीट बघितलंसुद्धा नाही. अर्धे डोळे मिटून तिन्ही चिठ्ठ्या लावल्या, छातीवर नाही, तोंडावर. र/४१५, र/४१६, र/४१७. वरून तळहाताने दाबल्या. दुसऱ्या दिवसापासून मला बरं वाटायला लागलं.

चार दिवसांनी खळीचा डबा घेऊन आई स्वतः लायब्ररीत आली. एरवी ती कधी यायची नाही, तिला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी पेटीतली चांगली साडी नेसली होती. डबा माझ्यापुढे ठेवून ती काकांना म्हणाली, "ते आमच्या ह्यांचं पुस्तक आलंय म्हनं." काकांनी हसत पुस्तक काढलं, आणि हातात घेतल्यावर त्यांचं हसू गेलं. ते माझ्याकडे बघत राहिले. आईने पुस्तक घेतलं. चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांना खळ होती.

"चिठ्ठी नीट बसलीय," ती म्हणाली. "खळ चांगली झाली म्हनायची."

एवढंच बोलून ती गेली. घरी त्यावर चकार शब्द काढला नाही. रात्री दादांनी विचारलं तर म्हणाली, "बघितलं. चांगलं काढलंय." पुढे दादांनी चिठ्ठी पाहिली तेव्हा ते काकांशी भांडले. काका म्हणाले, चुकून लागल्या असतील. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. दादांनी त्या लायब्ररीची पायरी सोडली ती सोडलीच.

पुढच्या वर्षी आईला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. बत्तीस वर्षांची होती. रतनबाई आत्या आली होती, ती सगळ्यांसमोर दादांना म्हणाली, "जित्या बाईला मढं करून रंगवली. दुसरं काय व्हनार हुतं?"

दादा म्हणाले, "आपन असलं मानत न्हाई. छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं ते सगळं."

पण त्यानंतर दादांनी एकही कव्हर रंगवलं नाही. पुण्याची पोस्टकार्डं येत राहिली, दादा ती चुलीत घालत. पुढे आयुष्यभर दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि जयंतीचे बोर्ड रंगवले. सगळं सोडून आलेल्या माणसाला आत्याचं तेवढं एक वाक्य सोडता आलं नाही. मला तर त्याहून वाईट वाटायचं. दादांनी तिला मेलेली रंगवली असेल, पण तोंड झाकतात ते मेलेल्या माणसाचं, आणि ते मी झाकलं होतं.

काकांची लायब्ररी टीव्ही आल्यावर बसली. पुस्तकं कुणी कुठे नेली, पत्ता नाही. माझी आशा दुसऱ्या गावच्या प्रतीवर होती, पण लायब्रऱ्यांचे बाइंडर आधी कव्हर फाडायचे आणि मग पुठ्ठा चढवायचे. 'किल्ली'च्या दोन प्रती मला मिळाल्या, एक साताऱ्याहून, एक बीडवरून. दोन्ही पुठ्ठ्याच्या, आत नुसता खून.

इकडे दादा उतरत चालले होते. आधी ते शेजाऱ्यांची नावं विसरले, मग माझं. मला 'बाई' म्हणायला लागले, 'तुमी' म्हणायला लागले. आईचं नावही तोंडात येईना. एकच गोष्ट राहिली होती. दिवसातून एकदा तरी विचारायचे, "किल्ली घावली का?" शेजारच्या ज्ञानेश्वरीला वाटायचं, घराची किल्ली हरवलीय. ती बिचारी स्वतःच्या कुलपाची किल्ली आणून त्यांच्या हातात द्यायची. ते ती उलटसुलट करून बघायचे आणि परत द्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जामखेडच्या मच्छिंद्र नावाच्या माणसाने एक फोटो टाकला. जिना, आडवी बाई, मुठीत किल्ली, आणि तोंडावर चिठ्ठी. र/४१७. चारच्या शेपटाला गाठ मारलेली होती. लहानपणी मी चार तसाच काढायची. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात कव्हरासकट एक प्रत उरली होती, आणि ती नेमकी माझ्या हातची. मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ रडले.

दुसऱ्या दिवशी दादांना ज्ञानेश्वरीवर सोपवून मी जामखेडची एसटी धरली. पिशवीत माझी सगळ्यात चांगली तीन कव्हरं घेतली होती. मच्छिंद्र भाऊ एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर होते. पुस्तकं त्यांनी तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. त्यांनी 'किल्ली' काढून माझ्यापुढे धरली, पण हातात दिली नाही.

"त्या लायब्रीची तीसेक पुस्तकं हायेत माझ्याकडं, ताई. समद्यांची चिठ्ठी छातीवर. ही एकच तोंडावर. कुन्या येड्यानं लावली आसंल?"

"असेल कुणीतरी," मी म्हटलं. मग म्हटलं, मला हे पुस्तक हवंय, आणि चिठ्ठी काढायचीय.

त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "चिठ्ठी काढल्यावं मंग ह्यात ऱ्हायलं काय? पुस्तक एखांदं आजून घावंल. आसली चूक न्हाई घावनार."

दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाबद्दल मीही हेच बोलले असते. मी माझी तीन कव्हरं पुढे मांडली. भाऊंनी ती तिन्ही डोळ्यांजवळ नेऊन बघितली, जीव अडकला त्यांचा, तरी मान नकाराचीच हलली. त्यांच्या पत्नी लंकाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या मागून पुस्तकाकडे वाकून बघत होत्या.

"त्या चिठ्ठीखाली कोन हाय, बाई?" त्यांनी विचारलं.

"माझी आई," मी म्हटलं.

भाऊंनी पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड दुमडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या तीन कव्हरांतलं एकच घेतलं. मी निघाले तेव्हा दारापर्यंत येऊन म्हणाले, "चिठ्ठी शाबूत निघाली तर तेवढी मातर धाडून द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा अंगणात बाजेवर उन्हाला बसले होते. मी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसले. टिपकागद ओला करून चिठ्ठीवर ठेवायचा, वर काच, दहा मिनिटं थांबायचं, मग कागद बदलायचा. घाई केली की संपलं. कव्हरचा कागद हलका, शाई वर निघाली तर आईचं तोंड चिठ्ठीला चिकटून येणार. तीन तास झाले तरी चिठ्ठी हलेना. आईच्या हातची खळ होती. इतक्या वर्षांत तिला ना कसर लागली होती, ना ती सुटली होती. मी तिच्या हातापाया पडले म्हणा ना. चारच्या सुमाराला एक कोपरा उचलला, मग दुसरा, आणि चिठ्ठी अलगद सरकली.

सगळं कव्हर पिवळं पडलं होतं, जिन्यावरचं रक्त चहाच्या रंगाचं झालं होतं. चिठ्ठीएवढा चौकोन मात्र छापला त्या दिवशीसारखा ताजा होता. ऊन त्याला लागलंच नव्हतं. त्या चौकोनात आई होती. हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. तो ठिपका मीही विसरले होते. दादांच्या विसरण्याला मी नावं ठेवत होते आणि माझ्याही डोक्यात भिंतीवरची नटीच बसली होती.

आणि आई हसत होती. अगदी थोडं, डाव्या कोपऱ्यात, माणूस हसू दाबतं तेव्हा दिसतं तेवढं. माझा विश्वास बसेना. ही कव्हरं तीन-चार ब्लॉकवर छापायचे, दर रंगाला एक, लाल ब्लॉक जरा हलला की बाईचे ओठ गालावर जायचे. मी भिंग घेतलं. लाल हललेला होताच, कुंकू, किल्लीचा दोरा, सगळं केसभर उजवीकडे सरकलं होतं. पण ओठाचा तो कोपरा काळ्या ब्लॉकमध्ये होता, आणि काळा जागच्या जागी बसला होता. अठ्ठावीस वर्षं मी हेच काम केलं, यात माझी चूक होत नाही. ते हसू छपाईचं नव्हतं, दादांनी काढलेलं होतं. मेलेली बाई बोलत नाही म्हटल्यावर आईला हसू आलं असणार, आणि दादांना ते पुसवलं नसणार. त्यांनी तिला मेलेली रंगवलीच नव्हती. आत्या खोटं बोलली होती आणि ते खोटं दादांनी चाळीस वर्षं उरावर वागवलं. चिठ्ठी लावण्याआधी मी एकदा, फक्त एकदा डोळे उघडून बघितलं असतं, तर त्या दिवशी ते मला तरी सांगता आलं असतं.

मी पुस्तक घेऊन अंगणात गेले. दादांनी ते हात लांब करून धरलं, पेंटर धरतात तसं.

"झ्याक काढलीय," ते म्हणाले. "कोनी काढली?"

"तुम्ही."

ते हसले. "छ्या. मला डावा हात येत न्हाई." मग परत बघून म्हणाले, "ह्यालाबी आला न्हाई. लपवलाय."

"बाई ओळखता का?"

ते बघत राहिले. ऊन त्यांच्या पावलांवरून सरकून भिंतीवर गेलं, तरी ते बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील.

"न्हाई," ते म्हणाले. "कोनाच्या तरी घरची हाय. नटी न्हाई ही."

"ही कलाबाई," मी म्हटलं.

"कलाबाई," त्यांनी मान हलवली, पाहुण्याची ओळख करून दिल्यावर हलवावी तशी. "हसतीय."

"हो."

त्यांचं बोट त्या ताज्या चौकोनाच्या कडेवरून फिरलं. "हितं काय हुतं?"

"चिठ्ठी होती. लायब्ररीची."

"तोंडावर? कोनी लावली?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. 'मी' म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, "तिच्या मुलीनं. लाज वाटत होती तिला आईची."

"केवढी हुती?"

"बारा वर्षांची."

"मंग ल्हानच की," दादा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बघून त्यांचा आवाज खाली आला. परक्या बाईला धीर द्यावा तसे ते म्हणाले, "तुमी नका वाईट वाटून घेऊ, बाई. आईनं काय मनात धरलं नसंल. ती पोरगी भेटली तर तिला दाखवा हे. म्हनावं, बघ, हसतीय तुझी आई."

"दाखवते," मी म्हटलं.

मग ते रोजच्यासारखं म्हणाले, "आन् ती किल्ली घावली का बघा." पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं.